मेस्किटची फळी आणि तुझा फीडर

प्रकाश, तू मला फसवलंस. सौद्यात फसवलंस, तेही माझ्यासमोर बसून, माझ्याच दुकानातलं फरसाण खात. इथे परदेशात, चँडलर गावात मी इतकी वर्षं दुकान चालवतोय. भाजीचे घाऊक व्यापारी, फ्रीझरवाले, जागेचा मालक, सगळ्यांनी प्रयत्न करून पाहिला, कुणाला जमलं नाही. तुला जमलं. आणि मला ते कळलं परवा, म्हणजे भांडायला माणूस उरला नाही तेव्हा.

रविवारी तुमच्या समाजाच्या हॉलमध्ये तुझ्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम आहे. लोक बोलतील. तुझ्या कॉम्प्युटर चिपच्या कारखान्याबद्दल, नागपूरहून आलेल्या पोरांना तू घर मिळेपर्यंत आपल्या घरी झोपवायचास त्याबद्दल. सुजातावहिनींनी मलाही बोलायला सांगितलं आहे. तिथे मी दोन चांगली वाक्यं बोलून खाली बसेन. इथे मात्र मला या एकाच व्यवहाराबद्दल विचारायचं आहे, कारण तू तो कसा जमवलास ते मला अजून नीट उलगडलेलं नाही. राग आहेच. पण खरं सांगू का, रागापेक्षा उत्सुकता जास्त आहे. घड्याळ उघडून बघावं तसा मी दोन दिवस हा सौदा उघडून बघतोय.

सुरुवात कधी केलीस? माझा अंदाज, माझ्या गॅरेजमधल्या फ्रीजला पोचा आला त्या शनिवारी.

आपण तुझ्या मितालीसाठी पुस्तकांचं कपाट करत होतो. ऊन चढायच्या आत काम उरकायचं म्हणून सकाळी लवकर गॅरेजचं दार वर केलं होतं. मी टेबलसॉवर पट्ट्या कापत होतो. टेबलातून वर आलेलं गोल पातं, शेजारी सरळ पट्टी, तिला फेन्स म्हणायचं, आणि फेन्सला टेकवून लाकूड हाताने पात्याकडे सरकवायचं. पात्यावरचं झाकण मी मशीन घेतल्याबरोबर काढून ठेवलं होतं. मी सुताराचा मुलगा. झाकण लावून लाकूड कापणं म्हणजे हेल्मेट घालून जेवायला बसणं, असं मी तुला म्हणालो होतो आणि तू हसला होतास.

मग हातातली लाकडाची पट्टी किंचित तिरकी झाली, पातं आणि फेन्स यांच्यात अडकली आणि उलटी सुटली. मला दिसलीसुद्धा नाही. मागच्या फ्रीजवर आदळल्याचा आवाज तेवढा आला. दुकानातले उरलेले फ्रोझन पराठे ठेवतो त्या फ्रीजचं दार आत गेलं. मी म्हणालो, "पराठे वाचले." तू हसला नाहीस. मशीन बंद केलंस, माझ्याकडे आलास आणि म्हणालास, "हात दाखव."

"भविष्य बघतोस काय?"

"हात दाखव, शेठ."

तू दोन्ही हात उलटेसुलटे करून पाहिलेस. बोटं मोजल्यासारखी. मग चहा न घेताच निघून गेलास. मला वाटलं, फ्रीजचा आवाज ऐकून घाबरला इंजिनियर. तसं मी रात्री जेवताना घरी सांगितलंही.

तुझ्या वडिलांचं तू मला त्याच्या खूप आधी सांगितलं होतंस, एकदाच, तेही गाडी चालवता चालवता. बल्लारपूरकडे लाकूड चिरायच्या आरामशीनवर ते लाकूड पुढे ढकलायचं काम करायचे. "बाबांच्या उजव्या हाताला तीन बोटं होती," तू म्हणालास, "लहानपणी मला वाटायचं, माणूस मोठा झाला की बोटं कमी होतात. मी माझी रोज बघायचो." आणि लगेच, पुढच्या सिग्नलला डावीकडे घ्यायचं की सरळ, हे विचारलंस. मीही डावीकडे म्हणालो आणि विषय संपला. ती गोष्ट आणि त्या शनिवारचं "हात दाखव" या दोन्ही गोष्टी मी कधी शेजारी ठेवून पाहिल्या नाहीत. परवापर्यंत नाही.

काही दिवसांनी तुझा फोन. "शेठ, एक गंमत घेतली. बघायला ये, पण मागायचं नाही."

हे 'मागायचं नाही' तू मुद्दाम म्हणालास ना? आज मला ते ऐकू येतं. तेव्हा फक्त डिवचल्यासारखं वाटलं.

तुझ्या गॅरेजमध्ये, पाण्याच्या हीटरशेजारी, जुन्या चादरीखाली तो ठेवला होतास. पॉवर फीडर. जवळच्या मेसा गावात कुठलंसं फर्निचरचं वर्कशॉप बंद होत होतं, तिथून आणलेला. जाड लोखंडी खांब, त्यावर आडवा हात, हाताच्या टोकाला मोटर आणि मोटरीखाली ओळीने तीन रबरी चाकं. ही चाकं लाकडावर दाबून बसतात आणि फिरत फिरत त्याला पात्यातून पुढे नेतात. एका वेगाने, न थांबता. उलटं सुटायला लाकडाला जागाच नाही. माणसाने फक्त एका बाजूने लाकूड द्यायचं आणि दुसऱ्या बाजूने उचलायचं.

"मग माणसाचं काम काय?" मी विचारलं.

"बोटं घेऊन घरी जाणं," तू म्हणालास.

मी तिथेच भाषण दिलं. लाकूड हाताशी बोलतं, माझा बाप म्हणायचा. गाठ कुठे आहे, रेषा कुठे वळते, ते तळहाताला आधी कळतं. रबराच्या चाकाला काय कळणार? तू ऐकून घेतलंस आणि म्हणालास, "हातानं काम करण्याचं कौतुक करणारे बहुतेक जण स्वतःचे हात खिशात ठेवून असतात, शेठ. तू तसा नाहीस म्हणून तुझ्याशी वाद घालतो. आपल्या बापांच्या हातांना कुणी विचारलं होतं, मशीन देऊ का म्हणून?"

तेव्हा मी मशीनला नावं ठेवली. रंग उडालाय, चाकं झिजलीत, तुला महाग पडला असणार. तू चादर परत टाकलीस आणि म्हणालास, "मी कुठे विकतोय?"

प्रकाश, तुला माझी नस ठाऊक होती. मला फुकट कुणी काही दिलं तर मी घेत नाही. या देशात आल्यावर एका हॉटेलात भांडी घासली तेव्हाही उरलेलं जेवण बांधून दिलं तर मी ते ठेवून यायचो. तू फीडर माझ्या दारात आणून ठेवला असतास, "शेठ, तुझ्या काळजीपोटी" असं म्हणाला असतास, तर मी त्याला आणि तुला, दोघांना रस्त्यावर ठेवलं असतं. पण 'विकायचा नाही' हे शब्द ऐकले की माझं डोकं वेगळं चालायला लागतं. मग ती वस्तू मला लागते की नाही, हा प्रश्नच राहत नाही.

घरी येऊन मी फीडरबद्दल वाचलं, व्हिडिओ पाहिले. मान्य करतो, काम स्वच्छ होतं. हाताने ढकलताना आपण मधे हात बदलायला थांबतो, तेवढ्यात पातं लाकडाला काळा डाग देतं. फीडर थांबत नाही म्हणून डाग नाही. पण हे तुझ्यासमोर बोलायची सोय नव्हती. घासाघीस करताना माझा एक नियम आहे, तो मी तुलाच शिकवला होता: जी वस्तू हवी तिच्याकडे बघायचं नाही. हात लावायचा नाही, चालू करून दाखव म्हणायचं नाही. गिऱ्हाइकाचे डोळे वस्तूवर गेले की भाव वर गेला.

तर मी पुढचे कित्येक शनिवार तुझ्या गॅरेजमध्ये येऊन त्या चादरीकडे पाठ करून बसलो. क्रिकेटवर बोललो, व्हिसावर बोललो. मधेच सहज विचारायचो, "काय, वापरतोस का ती धोंड?" आणि तू म्हणायचास, "मस्त चालतो. लोण्यासारखा."

लोण्यासारखा. हा शब्द मी आता रोज आठवतो.

शेवटी तूच किंमत सांगितलीस. पैसे नको म्हणालास. "तुझी मेस्किटची फळी दे."

आता ही फळी म्हणजे काय, हे फक्त तुला माहीत होतं. मेस्किट म्हणजे आपल्याकडच्या वेड्या बाभळीची इथली बहीण. वाकडी, काटेरी, वाळवंटात कुठेही उगवणारी. तिची रुंद, सरळ फळी मिळायला नशीब लागतं. मी ती टुसॉनच्या बाजूच्या एका म्हाताऱ्या रँचवाल्याकडून अख्खी दुपार भांडून आणली होती. तांबूस, मधे काळसर रेघा, एका कडेला साल तशीच. काय करायचं ते ठरत नव्हतं म्हणून जपून ठेवली होती. तू तिला बघून हसायचास. "गावाकडे आई ही चुलीत घालायची, तू इथे हिला पांघरूण घालतोस."

ती मागितलीस तेव्हा मी भडकलो. काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. तू फरसाणातले शेंगदाणे वेचत होतास. मी उठून गेलो, परत आलो, पुन्हा उठून गेलो. फळीचा अर्धा तुकडा देईन म्हणालो. तू म्हणालास, "राहू दे मग, माझा फीडर मला जड नाही." शेवटी ठरलं: फळी पूर्ण, पण फीडर तू माझ्या टेबलसॉवर स्वतः बसवून द्यायचा आणि कायम तूच त्याची देखभाल करायची. ही अट मी शेवटच्या क्षणी घातली. तू कपाळाला हात लावलास, वहिनींना हाक मारलीस, "ऐकलं का, लुटलं गं मला या वाण्यानं."

मी दुकानाच्या व्हॅनमधून फीडर नेताना वाटेत गाणं म्हटलं होतं.

आणि प्रकाश, ती अट! तुझ्या पुठ्ठ्याचं तर मला परवा रात्रभर हसू येत होतं आणि रडूही. फीडर बसवायला आलास तेव्हा खिशातून पुठ्ठ्याचा तुकडा काढलास, माझ्या टेबलच्या बाजूला धरलास आणि त्यातल्या भोकांवरून खुणा केल्यास. बरोबर बसल्या. मला वाटलं, इंजिनियर आहे, असतात यांच्याकडे अशा गोष्टी. पण ते माप तू कधी घेतलंस? आता आठवतं. 'गंमत घेतली' म्हणून तू फोन केलास त्याच्याही आधी एकदा मी दुकानाचा फोन घ्यायला आत गेलो होतो आणि परत आलो तर तू माझ्या सॉवर वाकून काहीतरी करत होतास. "टेबल लेव्हलमध्ये आहे का बघतोय," म्हणालास. तेव्हा मेसाचं ते वर्कशॉप तू पाहिलंही नसशील. की पाहिलं होतंस? हे सांग. आधी माझं टेबल मोजलंस की आधी फीडर शोधलास?

पुढची सगळी वर्षं मी हा किस्सा सांगत फिरलो. गणपतीत सांगितला, तुमच्या हॉलमध्ये चौदा एप्रिलच्या जेवणाच्या रांगेत सांगितला, दुकानात बासमतीचं पोतं उचलायला आलेल्या अनोळखी लोकांना सांगितला. कारखान्यातला मोठा इंजिनियर, आणि मी त्याच्याकडून मशीन काढून घेतलं, बदल्यात काय, तर वेड्या बाभळीची फळी. तू शेजारी मान खाली घालून उभा राहायचास आणि योग्य जागी म्हणायचास, "काय सांगू, आजही झोप लागत नाही." वहिनी तोंड फिरवून घ्यायच्या. मला वाटायचं, नवरा हरला म्हणून बिचाऱ्यांना कसंतरी होतं.

आपला वाद मात्र संपला नाही. मी फीडर वापरायचो आणि वापरता वापरता त्याला शिव्या द्यायचो. तू यायचास, स्पॅनर घेऊन खाली बसायचास. फीडर फेन्सला अगदी समांतर ठेवायचा नाही, हे तू मला कितीदा सांगितलंस. लाकूड बाहेर पडतं त्या टोकाला तो केसभर फेन्सकडे वळलेला हवा, म्हणजे चाकं लाकडाला पुढेही नेतात आणि फेन्सला चिकटवूनही ठेवतात. मी समांतर करायचो. मला डोळ्यांना तिरकं सहन होत नाही. लाकूड फेन्सपासून सुटायचं, मी ओरडायचो, तू येऊन परत केसभर वळवायचास.

"सरळ दिसण्यासाठी नाही ठेवत, शेठ. सरळ जाण्यासाठी ठेवतात."

"तुझं सगळंच तिरकं," मी म्हणायचो.

केवढं खरं बोलत होतो, मला काय माहीत.

परवा सुजातावहिनींचा फोन आला. रविवारी हॉलमध्ये बुद्धमूर्ती आणि त्याखाली तुझा फोटो ठेवायला एक बुटका, लांब मेज हवा आहे. भाड्याने प्लॅस्टिकचं टेबल आणून त्यावर पांढरी चादर घालता येईल, पण त्यांना ते नको. "भाऊजी, तुम्ही कराल का? लाकूड गॅरेजमध्ये आहे बघा."

मी गेलो. मितालीने दार वर केलं. भिंतीला टेकवून ती फळी उभी होती. माझी मेस्किट. चादर गुंडाळलेली, तीच फीडरवर होती ती. तू तिचा तुकडासुद्धा कापला नव्हतास. रंधा फिरवला नव्हतास. कडेची साल तशीच होती.

माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "वहिनी, याने ही वापरलीच नाही? मग मागितली कशाला?"

मी चिडून इकडेतिकडे पाहिलं आणि फीडर जिथे उभा असायचा त्या कोपऱ्याकडे, इतक्या वर्षांनी पहिल्यांदा, नीट तोंड करून उभा राहिलो. हीटर, झाडू, आणि भिंतीवर साधा सॉकेट. मोबाइल चार्ज करतो तसला. तुझ्या पूर्ण गॅरेजमध्ये दुसरा सॉकेट नाही. फीडरला कपडे वाळवायच्या ड्रायरसारखा मोठा सॉकेट लागतो, जास्त व्होल्टेजचा. माझ्याकडे सॉसाठी तो आधीपासून होता. तुझा ड्रायर घरात, दुसऱ्या टोकाला. आणि तुझ्याकडे तो बसवायला मशीन तरी कुठलं होतं? एक हातात धरायची छोटी करवत, जिगसॉ, आणि ड्रिल.

"वहिनी, तो फीडर इथे लावायचा कुठे?"

वहिनी हसल्या. तू गेल्यापासून पहिल्यांदा हसल्या असाव्यात, कारण मिताली दचकून त्यांच्याकडे बघायला लागली. "भाऊजी, तो इथे एकदाही चालू झाला नाही. ट्रकमधून उतरवला तो चादरीखाली गेला. मी म्हटलं यांना, सरळ देऊन टाका. तर म्हणाले, दिला तर घेणार नाही. लुटू देऊ या."

मिताली म्हणाली, "काका, यू डिडन्ट नो? रिअली? पप्पा तर रोज प्रॅक्टिस करायचे. मला तुमचा रोल करायला लावायचे."

प्रॅक्टिस, प्रकाश. डायनिंग टेबलवर तुझी पोरगी मी होऊन बसायची आणि तू 'विकायचा नाही' म्हणायची रंगीत तालीम करायचास. ती माझ्यासारखी उठून जायची का? परत यायची का? ती म्हणते, "ऑफकोर्स."

मी फळी घेतली आणि निघालो. दारात वहिनी एवढंच म्हणाल्या, "त्या दिवशी तुमच्याकडून आले ना, ते फ्रीजचं झालं तेव्हा, तर जेवले नाहीत. त्यांच्या वडिलांचा फोटो काढून बसले होते."

काल सकाळी गॅरेजचं दार वर केलं. फळी टेबलसॉवर ठेवली. फीडरची चाकं तिच्यावर टेकवली. केसभर वळण तू मागच्या महिन्यात दिलं होतंस तसंच होतं. मी ते सरळ केलं नाही. स्विच दाबला. फळीचं टोक पुढे दिलं, चाकांनी ते पकडलं आणि मेस्किट आपली आपण चालू लागली. गाठीशी जरा आवाज बदलला, वेग बदलला नाही. बाभळीचा तो तिखट गोड वास सुटला. मला दुसऱ्या बाजूला जाऊन उभं राहायला वेळ होता. मी गेलो नाही. हातांचं काय करावं ते कळेना, म्हणून नुसते समोर धरून बघत राहिलो. उलटे, सुलटे. सगळी बोटं होती.

कड आरशासारखी निघाली. काळा डाग नाही. उद्या पाय बसवेन, रविवारी तुझा फोटो त्यावर बसेल, आणि लोक मला विचारतील, लाकूड कुठलं? मग मला तो किस्सा सांगावा लागेल, आणि या वेळी शेजारी उभं राहून "लुटलं मला" म्हणायला तू नसशील. आता तो सांगायचा कसा, हेही तू ठरवून ठेवलेलं दिसत नाही.

तर हिशेब असा झाला: फीडर माझ्याकडे, फळी माझ्याकडे, बोटं माझ्याकडे, जिंकल्याचा मानसुद्धा इतकी वर्षं माझ्याकडे. तुझ्या वाट्याला काय आलं? दोन्ही बाजूंना काहीतरी मिळाल्याशिवाय मी आजवर सौदा मान्य केलेला नाही, हाही मान्य नाही. वहिनींना जाब विचारला, त्या म्हणाल्या, यांनाच विचारा. मितालीने खांदे उडवले. मग विचारायचं कुणाला? हॉलमध्ये मी पहिल्या रांगेत, त्या मेजासमोर बसणार आहे. तुझ्या फोटोकडे पाठ करणार नाही. माझ्याकडे बघ, आणि या व्यवहाराचं उत्तर दे.